वरून तेलाची धार

शिरपूरच्या घरी माह्या मायले, हरीओमचा दुरूनच वाकून नमस्कार.

माय, मी इथं कॅनडात बरा आहो. थंडी लय आहे, पण कोट गरम आहे. तुहे गुडघे कसे आहेत?

काल कामावरचे तिघं जेवाले आले होते. चिली केली, म्हणजे राजमा अन् टमाट्याचा घट्ट रस्सा. मसाला पाकिटातला, भाजाकुटाचं कामच नाही.

वाढतानी हात आपसूक तेलाच्या बाटलीकडं गेला. पाव्हणा 'बस' म्हणेपर्यंत वरून कच्च्या तेलाची धार सोडाची, हे तूच शिकवलं. इथं 'बस' म्हणाचं कोणाले ठाऊक? ताटात तेलाचं तळं झालं अन् सारे हासले.

मले लाज वाटली. म्हणून गेलो, "आमची माय अडाणी आहे, तिचीच सवय लागली."

ते गेल्यावर उरलेला रस्सा तेल टाकून खाल्ला. तुह्या हातची चव आली. ताट सारून हा कागद घेतला.

फोनवर हे तोंडातून निघत नव्हतं, म्हणून लिहिलं.

तुहा,
हरीओम

निकिता, मायले तूच वाचून दाखवशीन. बहिणीच्या मायेनं तो 'अडाणी' शब्द गाळू नको.