बू-नासरचं रिव्हॉल्व्हर

रविवार, १४ ऑक्टोबर २००७

दार आपटून आलो! सुरेशकाकांच्या घरचं दार – ज्या घरात मला जावई म्हणून शिरायचंय. शाब्बास रूपेश!

विनितानेच ईदच्या सुट्टीत मुद्दाम बोलावलं होतं, बाबांशी नीट बोल म्हणून. काका पेपर वाचत होते. वर न बघताच – "काय रे, तंबूच विकतोस का अजून?" मी म्हटलं, तंबू, कंदील, सुऱ्या, वाळवंटात जायला लागतं ते सगळं. "हं. माझ्या मुलीच्या मागे सांगलीचं मेकॅनिकलचं तिसरं वर्ष टाकून आलास. उद्या तिलाही टाकशील मध्येच." आणि मग अगदी हवापाण्याचं बोलावं तसं – पुण्याचा कुणी निखिल आहे, केमिकल इंजिनिअर, डिसेंबरात इथे आखातात, मीना अल-अहमदीच्या तेल रिफायनरीत रुजू होतोय. विनिताला बघायला येणार.

चहा तसाच. उठलो. धाडकन्!

विनिता लिफ्टपर्यंत पळत आली. "वेडा आहेस का तू?" आहे!

मंगळवार, १६ ऑक्टोबर

एक वाट दिसतेय. घाई करायची नाही, नीट लिहून काढतो.

बू-नासरने, म्हणजे आमच्या मालकाने, केबिनमध्ये बोलावलं. गेल्या हिवाळ्यात त्याच्या वाळवंटातल्या कॅम्पवर भटक्या कुत्र्यांची टोळी मेंढरांवर पडली होती. त्याने पिस्तूल काढलं आणि ते वाळूने अडकलं! दोन मेंढ्या गेल्या, आणि पाहुण्यांसमोर लाज गेली ती वेगळीच. आता त्याला रिव्हॉल्व्हर हवंय – मोठ्या गोळीचं, कमरेला लावून हिंडता येईल असं. चाप ओढला की घोडाही आपोआप मागे जाऊन पडेल आणि सहा घरांचं चक्रही फिरेल, म्हणजे घाईच्या वेळी एकच बोट पुरे. त्याच्याकडे परवाना आहे, पूर्वी फौजेत होता. ओळखीच्या दुकानदाराने दोन पाठवलीत, वापरून बघायला. दोन्ही चव्वेचाळीस बोअरची. एक पांढरं, स्टेनलेसचं. एक काळं, चकचकीत पॉलिशचं.

कॅटलॉग इंग्रजीत. "तू वाच. तू नुस्स-इंजिनियर!" नुस्स म्हणजे अर्धा. ड्रायव्हर अशरफ दारात उभा राहून फिदीफिदी हसला. पण पुढचं ऐकलं आणि त्याचंही हसू थांबलं – नीट निवडून दिलंस तर एगैलाच्या मॉलमधलं नवीन दुकान तुझ्या हाती. मॅनेजर!

अट एक. शस्त्रांना त्याच्यासमोरच हात लावायचा.

मॅनेजर! काकांना म्हणावं, आता बोला.

गुरुवार, १८ ऑक्टोबर

कॅटलॉग पाठ झाला. कॉलेजात इतकं वाचलं असतं तर!

पांढरं जड आहे. कमरेला टोचणार. पण मोठी गोळी सुटली की हात मागे फेकला जातो, तो धक्का जडपणाच खातो. काळं हलकं, देखणं. कमरेला छान बसेल, पण मनगट मोडेल. दोन्हींचा चाप लांब आणि घट्ट. बू-नासरने रिकामं ओढून बघितलं, कपाळावर आठ्या! मी म्हटलं, घट्ट असू दे बाबा, चुकून सुटायला नको. मान हलवली त्याने.

अशरफ मंडणगडचा, मराठी बोलतो. "भावा, काळाच घे. मर्दासारखा दिसतोय! पांढरा म्हणजे नळाची तोटी."

माझं मन पांढऱ्यावर. पण बू-नासरचा डोळा काळ्यावर आहे. कसं पटवू?

शनिवार, २० ऑक्टोबर

खंडेनवमी. कणकवलीत आज वडिलांनी लेथ पुसला असेल, पाने-पकडी मांडल्या असतील, सगळ्यांना हळदकुंकू. मी दुकानातल्या सुऱ्या मांडल्या, ड्रिल मांडलं. आणि मग वाटलं, ज्या दोन शस्त्रांवर माझं नशीब टांगलंय त्यांनाच वगळायचं?

बू-नासर नमाजाला गेला होता. गल्ला तिजोरीत ठेवावा लागतो म्हणून चावी माझ्याकडेच. काढली दोन्ही. गोळ्या वेगळ्या असतात, त्याची भीती नव्हती. पूजा नीट व्हावी म्हणून चक्रंसुद्धा उघडली. ओलं हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, हात जोडले – एगैला दे! ओल्या फडक्याने पुसून परत ठेवली. कुणाला पत्ता नाही.

रविवार, २१ ऑक्टोबर

दसरा. आपट्याची पानं कुठली इथे! विनिताला कढीपत्त्याची डहाळी दिली. "आता यात कांदेपोहेही दे," म्हणाली. हसली! म्हणजे अजून आहे काहीतरी.

शुक्रवार, २६ ऑक्टोबर

संपलो!

सकाळीच बू-नासर, अशरफ आणि मी जीपमधून वाळवंटात. डबे मांडले. आधी पांढरं. मीच छाती पुढे काढून सांगत होतो – बाबा, हे बघा, हे कधी दगा देणार नाही. एक बार झाला. दुसऱ्याला चाप हलेना! चक्र जागच्या जागी घट्ट. बू-नासरचा चेहरा... त्याने काळजीपूर्वक चक्र उघडलं, गोळ्या काढल्या, आत बोट घातलं आणि चिमटीत धरून काहीतरी उन्हात धरलं. पिवळा दाणा.

"शनो हाज़ा? ये क्या? बिर्यानी?"

अशरफ जवळ आला, वाकून बघितलं आणि वाळूतच बसला हसत. "अक्षता! अरे, ह्याने बंदुकीचं लग्न लावलंन!"

मग सगळं बाहेर आलं. तिजोरी का उघडलीस? कुणाला विचारून? मीही भडकलो – काय चोरलं का मी? हात जोडले फक्त! तुमच्यासाठीच जोडले! इतकं ओरडलो की अशरफने दंड धरून मागे ओढलं.

बू-नासरने काळं उचललं. नेम धरताना थांबला. दस्त्याच्या वर, ओलं कुंकू लावलं होतं नेमकं तिथे, तांबूस डाग. अंगठ्याने घासला. रुमालाने घासला. तेल लावून घासला. गंज! आमच्या खाऱ्या हवेत सहा दिवसांत पॉलिशच्या आत उतरला होता. मग पांढरं फिरवून बघितलं, त्यालाही तिथेच कुंकू लागलं होतं. तिथे काही नाही. आरशासारखं.

दाणा काढलेलं पांढरं त्याने पुन्हा भरलं. सगळे बार सुटले, एकही अडला नाही.

"चावल निकल गया," म्हणाला. "ये दाग नहीं निकलता। सफेदवाला."

आणि हात पुढे केला. तिजोरीची चावी. दिली.

एगैलाचं नाव कुणी काढलं नाही. मी तर नाहीच.

सोमवार, २९ ऑक्टोबर

अशरफने फहाहीलभर करून टाकलं! बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, दूध घ्यायला गेलो तर मराठी मंडळातले दोघे – "काय रूपेशभाऊ, तोफेचं बारसं कधी?" एकाची कॉलर धरणार होतो. धरली नाही. खिशात हात घालून उभा राहिलो. कसा, कुणास ठाऊक.

विनिताचा फोन नाही.

गुरुवार, १ नोव्हेंबर

फोन आला. विनिताचा नव्हे – काकांचा!

"अरे, ते तांदळाचं खरंय का? चक्र अडलं नेमकं कुठे? मला काही चित्र डोळ्यांसमोर येत नाही. शनिवारी ये. कागद आहे माझ्याकडे."

शनिवार, ३ नोव्हेंबर

काढलं चित्र. चक्राच्या मागे चांदणीसारखी चकती असते, रिकामी काडतुसं बाहेर ढकलणारी. तिच्याखाली दाणा गेला की ती वर उचलली जाते, मागच्या पोलादाला घासते आणि खेळ खलास. काका चष्मा कपाळावर चढवून बघत होते. "थांब, थांब. मग पहिला बार कसा झाला?" मी म्हटलं, दाणा आधी बाजूला असणार, धक्क्याने आत सरकला. "अस्सं!" मांडीवर थाप! बडोद्याच्या कारखान्यात इंजिनिअर असताना त्यांचा एक पंप असाच अडला होता म्हणे, वेल्डिंगच्या एका थेंबाने. मग ते चित्र त्यांनी काढलं. मग त्यात मी चूक काढली! खरंच चूक होती. त्यांनी खोडलं.

विनिता दोनदा चहा ठेवून गेली. दुसऱ्यांदा कप जरा जोरातच ठेवलान. निखिलचं नाव नाही, माझं नाही, तिचंही नाही, नुसत्या चकत्या आणि स्प्रिंगा!

निघताना काका – "कॉलेजात असाच होतास?" म्हटलं, नाही. वर्कशॉप सोडून सगळ्यात नापास होण्याच्या बेतात होतो. ते हसले. पहिल्यांदा.

मंगळवार, ६ नोव्हेंबर

बू-नासर पांढरं कमरेला लावून आला, पोट आत घेऊन. "एगैला तुझं. मॅनेजर. तिजोरी अशरफकडे." मिळालं! देवा, मिळालं!

शुक्रवार, ९ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. काकांनी निखिलच्या घरी नकार कळवला. विनिताने नव्हे – काकांनी स्वतः! मला एकच सांगितलं – जूनला सांगली, उरलेली दोन्ही वर्षं पूर्ण कर, मग ये. विनिता थांबते म्हणाली.

एगैलाचं दुकान दुसऱ्या कुणाला द्या, असं उद्या बू-नासरला सांगायचंय. काकांना 'विचार करतो' म्हणायचंही सुचलं नाही. हो म्हणून आलो.