पिलांखालची घोंगडी

आबा, गेल्या आठवड्यात कळंबला आत्याकडे जाऊन आले. तिला आता नीट दिसत नाही, आवाज मात्र तसाच आहे. तिथून आल्यापासून तुम्हाला लिहावं असं वाटतंय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्याशी बोलताना मनात काय यायला हवं, तेही आता आठवत नाही. म्हणून जे झालं ते फक्त एकापुढे एक लिहिते.

नव्वदनंतरची ती वर्षं. मेंढरं आजोबांच्या काळातच गेली होती आणि तुम्ही सणसरहून सायकलवर कारखान्यात कामाला जायचात. मेंढरांमागची कुत्री मात्र तुम्ही सोडली नाहीत. त्यातली तांबडी व्यायची ती आपल्या स्वयंपाकघरात, चुलीच्या उबेला, पोत्यावर. आई म्हणायची, "माणसांनी वसरीत जेवायचं आन् कुत्रीनं आत बाळंत व्हायचं, असलं घर कुठं बघितलं न्हाय," आणि बोलता बोलताच तिच्यापुढे गूळ घातलेली बाजरीची पेज सरकवायची. तुम्ही पाळीवरून आलात की हात धुऊन आधी पिलांपाशी बसायचात. अशक्त पिलू उचलून मागच्या आचळाला लावायचात, तिथं दूध जास्त म्हणून, आणि दांडग्याला पुढे ढकलायचात. मी दहावीला होते. पुस्तक मांडीवर ठेवून तेच बघत बसायचे.

पिलू विकायचं नाही, ही आपल्याकडची रीत. कुणी मागितलं की तुम्ही त्याच्या घरी जायचात, घर कसं आहे ते बघायचात आणि येताना त्यांच्या वापरातल्या घोंगडीचा तुकडा आणून पिलांखाली अंथरायचात. नव्या घरचा वास आधीच अंगात मुरला की पिलू तिथं गेल्यावर रडत नाही, पळून येत नाही. त्या वेताला आत्याने पिलू मागितलं. तिचं कुत्रं नुकतंच मेलं होतं, हगवण लागून गेलं एवढंच ती म्हणाली. तुम्ही कळंबला गेलात आणि ते कुत्रं ज्या घोंगडीवर झोपायचं तिचाच तुकडा घेऊन आलात. माणसाच्या वासाबरोबर कुत्र्याचाही वास असलेला बरा, असं तुमचं म्हणणं. त्यात वावगं कुणालाच दिसलं नाही. शाळेत जंतूंच्या धड्यावर मी पानभर उत्तरं लिहीत होते, मलाही दिसलं नाही.

पिलं दूध-भाकरीचा काला चाटायला लागली होती, तेव्हाच ते सुरू झालं. आधी एक ओकलं. मग रक्ताची हगवण, एकामागून एक. आई राख टाकून जमीन पुसतेय, तांबडी गार पडलेलं पिलू चाटत बसलीय आणि तुम्ही चमच्याने मीठ-साखरेचं पाणी पाजताय. ते तोंडाच्या कडेने तसंच बाहेर येतंय. उरलेली दोन पिलं पिशवीत घालून आपण एसटीने बारामतीला गेलो. जनावरांच्या डॉक्टरांनी सुया दिल्या आणि विचारलं, "हगवणीनं कुणाकडचं कुत्रं मेलंय का? तिथलं फडकं, भांडं, काही घरात आलंय?"

"न्हाय साहेब," तुम्ही म्हणालात.

डॉक्टर सांगत राहिले. हा रोग फडक्यातून येतो, चपलेच्या तळव्यातूनही येतो, आणि घरात महिनोन्महिने टिकतो. तुम्ही मान हलवत होता. मी तुमच्याकडे बघितलं आणि तुम्ही पिशवीकडे. येताना एसटीतच एक गेलं. घरी आल्यावर तुम्ही तो तुकडा काढून बंबात घातलात. आईने विचारलं, "चांगली घोंगडी कशापायी जाळताय?" "घाण झाली," एवढंच बोललात.

एक पिलू जगलं. ते न्यायला आत्या आली आणि अंगणात उभी राहूनच बोलायला लागली. "कारखान्याचा पगार गोड लागला व्हय रं तुला? पिलांकडं बघाया सवड न्हाय. आपल्या बानं कधी आख्खं वेत मरू दिलं हुतं का?"

"चुकलं आक्का," तुम्ही म्हणालात.

मी दारात होते. "आत्या, अगं ती तुझ्या घरची—"

"पाणी आण तिला."

माझ्याकडे न बघता म्हणालात. तसा आवाज तुम्ही माझ्यावर त्याआधी कधी काढला नव्हता. मी तांब्या भरून आणला, तोवर पिलू तिच्या ओटीत होतं. त्यानंतर तुम्ही कुत्र्याचं वेत काढलं नाही. याच्या हाताला आता पिलं जगत नाहीत, असं भावकीत झालं, पार वरकुट्यापर्यंत गेलं. ज्या लोकांनी तुमच्याकडून पिलं नेली होती, तेच तुम्हाला शिकवायला लागले. तुम्ही ऐकून घेत होता.

बहिणीला आयुष्यभर टोचणी नको म्हणून तुम्ही ते अंगावर घेतलंत, असं मी धरून चालले. कॉलेजात कुणी वडिलांचं काही सांगायला लागलं की माझ्याकडे सांगण्यासारखं हेच होतं. गेल्या आठवड्यात मात्र आत्याला सगळं सांगायचं ठरवूनच गेले होते. तुमचं नाव निदान एका ठिकाणी तरी स्वच्छ व्हावं म्हणून. वाटेत वाक्यं जुळवून ठेवली होती. तिनेच विषय काढला. म्हणाली, "तुझा बा देवमाणूस, पर कुत्र्याला हात न्हवता त्याचा. माझ्या घोंगडीच्या वासानं एक तेवढं तगलं बघ, बाय."

मी म्हणाले, "व्हय आत्या."

परतताना गाडीत मी स्वतःला तपासत होते. दया आली म्हणावं, तर आली नव्हती. तुमचा शब्द राखला म्हणावं, तर त्या क्षणी तुम्ही आठवलाही नाहीत. मी सांगितलं असतं तर तिने पुन्हा पुन्हा विचारलं असतं, सुनेला हाक मारली असती, रडली असती, आणि मला ते सगळं बघत बसावं लागलं असतं. कंटाळा आला, एवढंच. तेव्हापासून तुमचा तो दिवस डोळ्यांपुढे येतो. पिलांपाशी जागून तुमचे डोळे लाल झाले होते, त्यात अंगणात ती बोलत उभी. तुम्हीही कदाचित तिच्यासाठी गप्प राहिला नसाल. बोलायचं त्राणच उरलं नसेल. तसं असलं तरी मला चालेल, असं शेवटी लिहून हा कागद कपाटात ठेवून देणार होते. पण चालेल की नाही, ते मला खरंच माहीत नाही.