अक्काच्या पोटाचं माप

३ नोव्हेंबर
अक्का लातूरहून आली, दाजीसोबत. तीन महिन्यांत नऊ किलो उतरली. तिच्या मेसमध्ये जेवणाऱ्या क्लासच्या पोरी विचारायच्या, "काकू, काय केलं हो?" ती खूश होती. मग घास अडकायला लागला. तिकडं दुर्बीण घालून पाहिलं. पोटाचा कॅन्सर. ऑपरेशन इथं नांदेडला करायचं ठरलंय. दाजी नुसते बसून.

५ नोव्हेंबर
डॉ.नी वजन विचारलंच नाही. टेप घेऊन बेंबीवरून पोट मोजलं. अक्का पदर धरून उभी.
म्हणाले, पोट खोल आहे, आत चरबी फार. ऑप.ला वेळ लागेल, रक्त जास्त जाईल, जखम चिघळू शकते.
मी म्हटलं, आता तर माझं वजनही तिच्याएवढंच.
"तुमची चरबी कमरेखाली आहे. ह्यांची आतड्यांभोवती. मला त्यातूनच रोग पसरवणाऱ्या गाठी शोधायच्या."
एका आईच्या दोघी.
दाजींनी विचारलं, "महिनाभर थांबून वजन उतरवलं तर?"
"रोग थांबत नाही. आणि आजारानं आधी ताकद जाते, चरबी नंतर."
बाहेर आल्यावर अक्का म्हणाली, "शोभे, म्या खाऊन केलं का हे?"
न्हाई म्हटलं. जूनमध्ये एका लग्नाच्या पंगतीत चारचौघांत मीच तिला म्हणाले होते, अक्का, आता पुरे कर.

१० नोव्हेंबर
श्वास ओढायची बाटली दिलीय, आत तीन छोटे चेंडू. फुप्फुसासाठी. दोन वर जातात, तिसरा न्हाई. सकाळ-संध्याकाळ व्हरांड्यात चालवते तिला. चार फेऱ्यांत दम. शाळेत रजेचा अर्ज दिला.

१४ नोव्हेंबर
ऑप. झालं. शेजारच्या खाटेवरचे लोहा गावचे काका, काडीसारखे, त्यांचं हेच ऑप. परवा तीन तासांत. अक्काला साडेसहा. डॉ. बाहेर आले तेव्हा पाठ घामानं ओली. "जमतील तेवढ्या गाठी काढल्या." जमतील तेवढ्या. दाजींनी हात जोडले.

१९ नोव्हेंबर
ताप. पोटाला लावलेल्या नळीतून गढूळ येतंय. आत जोडलं तिथून झिरपतंय म्हणाले. तोंडानं काही द्यायचं नाही.

२२ नोव्हेंबर
लोह्याचे काका घरी गेले. त्यांची बायको माझा हात धरून म्हणाली, "तुमच्या बाईचं अंग लई हाय ना, म्हणून येळ लागून राहिला." चांगल्या मनानं म्हणाली. जिन्यात जाऊन बसले थोडा वेळ.

२५ नोव्हेंबर
जखम खालून उसवली. दोनदा ड्रेसिंग. सिस्टर दोन्ही हातांनी पोट उचलून धरते, अक्का छताकडं बघते.
दुपारी म्हणाली, "भूक लागून राहिली गं. तवा लागली होती तशी."
तवा म्हणजे भूकंपात. नऊ वर्षांत एक शब्द बोलली नव्हती. आज बोलली. तिची लेक लता तिच्या कुशीतच होती मातीखाली. सहा वर्षांची. भाकर मागत होती. भाकरीचं टोपलं हाताच्या वर होतं, अक्काला दिसत होतं. हात निघाला न्हाई. दुपारी दोघींना काढलं, तवा लता गेलेली.
"तवापासून ताट समोर आलं की मला सोडवत न्हाई. तुम्हाला वाटायचं, हावरी."
मी तिच्या ओठांना ओला कापूस लावला.

३० नोव्हेंबर
ताप उतरला. नळी जवळजवळ कोरडी. दाजी लातूरला गेले, मेस बंद करायला. पोरींची दुसरीकडं सोय लावून येतील.

३ डिसेंबर
दोन चमचे पेज. राहिली पोटात.

४ डिसेंबर
रिपोर्ट आला. काढलेल्या गाठींपैकी चारांत रोग. मी विचारलं, आत राहिल्या असतील का? डॉ. म्हणाले, "चरबीत एखादी राहिली असेल तर आज सांगता येणार नाही. जखम भरू द्या, मग औषधं. तीन महिन्यांनी बघू." एवढंच.
खाटेपाशी आले. अक्का म्हणाली, "काय म्हणाले?"
"चांगलंय."
"तुझं नको सांगू. डॉक्टरचं सांग."
म्हटलं, उद्या दाजी आले की सांगते.
तिनं सरकून जागा केली. "बस. आत्ताच सांग."
बसले.