माझ्या पत्रिकेवर खणलेली विहीर

मी, मनकर्णा धोंडप्पा निलंगे, वय सत्तावीस, अविवाहित, आमच्या गावच्या महिला दूध उत्पादक सहकारी संस्थेची सचिव, राहणार मौजे आडगव्हाण, दिंद्रुडजवळ, तालुका माजलगाव, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. मी शुद्धीवर आहे. घाबरलेलीही आहे. दोन्ही एकाच वेळी असले तरी कायद्याला चालते, असे माजलगावच्या वकीलबाईंनी फोनवर सांगितले. मी मुद्दाम विचारून घेतले. माझ्यावर कोणाचा दबाव नाही, असेही लिहावे लागते. दबाव भरपूर आहे, पण तो हे मृत्युपत्र लिहू नये यासाठी आहे, त्यामुळे हरकत नसावी.

कलम एक. कारण. माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. येत्या सोमवारी औरंगाबादला, सरकारी योजनेतून, माझे ऑपरेशन आहे. डॉक्टरांनी धोका किती आणि फायदा किती हे कागदावर समजावून सांगितले. तो कागद पाहून माझे वडील, ज्यांना आम्ही अप्पा म्हणतो, म्हणाले, "डॉक्टर काय देव हाय का बाई?" मी म्हणाले, "न्हाई अप्पा. म्हणून तर लिहून देते."

कलम दोन. मिळकत. माझ्या नावावर गावाच्या पश्चिमेला नाल्याकाठी वीस गुंठे जमीन, तीत एक विहीर आणि विहिरीजवळ दोन पत्र्याच्या खोल्या आहेत. ही जमीन माझ्याकडे कशी आली ते लिहिणे भाग आहे, कारण पुढे काही लोक म्हणतील की ती माझी नव्हतीच.

मी एकोणीस वर्षांची असताना अप्पांनी शेतात तीन ठिकाणी बोअर घेतले. तिन्हींतून धुरळा निघाला. तेव्हा एका ज्योतिष्याने घरातल्या सगळ्यांच्या पत्रिका मागवल्या आणि माझ्यावर बोट ठेवले. "या पोरीचा चंद्र जलराशीला हाय. जमीन हिच्या नावावर करा, मग खांदा. बापाच्या नावावर मेलं तरी पानी लागायचं न्हाई." अप्पांनी दुसऱ्याच आठवड्यात बक्षीसपत्र नोंदवले. तलाठ्याने फेरफार घातला. मी सही करताना अप्पा म्हणाले, "नावापुरतंच हाय गं, ग्रहाला दाखवाया." विहिरीला पाणी लागले. ते माझ्या चंद्रामुळे लागले की ज्योतिष्याने जागा नाल्याच्या कडेची दाखवली म्हणून लागले, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. मात्र ग्रहाला दाखवायला केलेला दस्त सरकारनेही पाहिला, एवढे खरे. जे शेजारी आपल्या मुलींना वाटणीत वाफाभर जमीन देत नाहीत, त्यांना माझी शिफारस आहे की त्यांनी एखादा चांगला ज्योतिषी गाठावा.

कलम तीन. मेघानंद महाराज. दोन वर्षे पाऊस झाला नाही, तेव्हा आमच्या गावात टँकर आला आणि त्याच्या मागोमाग महाराज आले. टँकर एक दिवसाआड येतो. महाराज राहिले. माझे काका वैजिनाथ यांनी त्यांची सगळी व्यवस्था पाहिली. महाराजांबद्दल मी काही वाईट लिहिणार नाही. घडले तेवढे लिहिते.

लग्न जमत नसेल तर महाराज उपाय देतात, जमले असेल तर मोडू नये म्हणून देतात. म्हैस आटली, मुलगा नापास झाला, साखर कारखान्याने ऊसतोडीच्या मुकादमाला पुढच्या हंगामाची उचल दिली नाही, सगळ्यांवर उपाय आहे आणि बहुतेक उपायांत नारळ आहे. माझ्या झडपेवर उपाय असा निघाला की मी ओल्या साडीने विहिरीला प्रदक्षिणा घालाव्यात. प्यायला पाणी नसलेल्या गावात रोज एक साडी भिजवण्याचे पाणी माझ्यासाठी बाजूला काढले गेले, याची मला आजही लाज वाटते. चौथ्या दिवशी मी चक्कर येऊन पडले. काका टाळ्या वाजवत म्हणाले, "बघा बघा, दोष भायेर पडला!" बायनाबाई, जी आमच्या संस्थेला दोन म्हशींचे दूध घालते, ती धावत येऊन मला उचलता उचलता ओरडली, "दोष न्हाई बे पडला, पोरगी पडली! धर की!" बायका पुरुषांना बे म्हणत नाहीत. त्या दिवशी कोणी तिला त्याबद्दल बोलले नाही.

मग महाराजांनी अंतिम निदान केले. "पोरीच्या छातीतलं पाणी आणि विहिरीतलं पाणी एकच आहे. विहीर उपसली जाते, तसं हिचं काळीज ओढलं जातं. विहीर मठाला अर्पण करा, दोन्ही भरतील." मठ अजून बांधलेला नाही. तो त्याच वीस गुंठ्यांत बांधायचा आहे. अप्पांनी हात जोडून शब्द दिला.

कलम चार. दुधाचा दिवस. हे कलम काढून टाकावे असा संस्थेच्या अध्यक्ष रुक्मिणीबाईंचा आग्रह आहे. मी त्यांचा मान ठेवते, पण कलमही ठेवते.

पाऊस यावा म्हणून संस्थेने एका सकाळचे सगळे दूध विहिरीला अर्पण करावे, असे महाराजांनी सुचवले. सभेत रुक्मिणीबाई म्हणाल्या, "एका सकाळचंच तर हाय." ठराव एकमताने झाला. सचिवाला मत नसते. विहिरीत तेव्हा जेमतेम गुडघाभर पाणी होते आणि गावातल्या सगळ्या जनावरांची तहान त्यावर चालली होती. मी रोजच्या सवयीने प्रत्येक किटलीचे फॅट काढले, पाणी किती घातले ते कळावे म्हणून डिग्री लावली, आणि मग ते दूध विहिरीत ओतले गेले. उपाशी जनावरांच्या मानाने फॅट फार चांगले होते.

तिसऱ्या दिवशी विहिरीजवळ उभे राहवेना. म्हशी हौदाला तोंड लावून माघारी फिरल्या. बायनाबाई नाकाला पदर लावून आत डोकावली आणि म्हणाली, "अगं बाई, देवानं विरजण लावलं की!" काका म्हणाले की दूध नासलेले नाही, त्याचे परिवर्तन होत आहे. बायकांनी ते परिवर्तन घागरीने, बादलीने, दोराने उपसून काढले, तळ खरवडला आणि पाझराची वाट बघत काठावर बसून राहिल्या. पाणी आले, थोडे आले, पण स्वच्छ आले. त्याबद्दल मठात आरती झाली, म्हणजे मठ जिथे होणार आहे तिथे.

हे का झाले असे विचारल्यावर महाराज म्हणाले, "ओतणाऱ्यांत एकीच्या मनात शंका होती." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. शंका होती, हे मी मान्य करते. दूध उघड्यावर किती तासांत नासते हे संस्थेच्या भिंतीवर मीच लिहून लावलेले आहे.

कलम पाच. विहिरीची व्यवस्था. लग्न न झालेली मुलगी मृत्युपत्राशिवाय मेली तर तिची जमीन आई-वडिलांकडे जाते. माझ्या बाबतीत ती अप्पांकडून त्यांच्या शब्दाकडे जाईल आणि शब्दाकडून महाराजांकडे. तसे होऊ नये. ऑपरेशनमधून मी परत आले नाही तर वरील वीस गुंठे जमीन व विहीर आमच्या महिला दूध संस्थेला मिळावी. या पाण्यावर पहिला हक्क जनावरांचा, सभासदांची असोत की नसोत. संस्था बुडाली तर विहीर ग्रामपंचायतीकडे जावी, त्याच अटीवर. विहिरीत दूध, दही, तूप, हळदकुंकू, नारळ, नाणी किंवा मंतरलेले पाणी टाकू नये. तुरटी आणि ब्लिचिंग पावडर चालेल.

कलम सहा. किरकोळ. माझी थोडी ठेव एका पतसंस्थेत आहे. तिच्या दाराला मागच्या वर्षापासून कुलूप आहे आणि संचालक सापडत नाहीत. ही संपूर्ण ठेव मी मेघानंद महाराजांना देते. त्यांच्या उपायाने ते कुलूप उघडले तर पैसे त्यांचे आणि मी भर चौकात क्षमा मागितली असे समजावे.

माझ्या दंडातले, गळ्यातले आणि कमरेचे गंडे, दोरे, ताईत ऑपरेशनआधी नर्स कापून काढणार आहे. ते सगळे पिशवीत घालून वैजिनाथ काकांना द्यावेत. गळ्यातले इष्टलिंग त्यांत घालू नये. ते वेगळे आहे. ते माझ्याबरोबर मातीत जावे.

ते वेगळे का, हे काका विचारतील, म्हणून लिहिते. माझी आत्या शिवम्मा हिने मला घरच्या ओट्यावर, पोथीतल्या अक्षरांवर बोट ठेवून वाचायला शिकवले. शाळेत मी नंतर गेले. ती दरवर्षी कपिलधारच्या यात्रेला जायची. लहानपणी मी तिला विचारले होते, "आत्या, तिथं काय मागतीस?" ती म्हणाली, "मागाया कशापायी जाऊ? भेटाया जाते." आत्या गेल्या उन्हाळ्यात वारली. ती असती तर महाराजांना चहा पाजून, पाया पडून, मांजरसुंब्याच्या गाडीत बसवून आली असती. माझ्यात तेवढी युक्ती नाही, म्हणून मला स्टँपपेपर लागला.

कलम सात. अप्पा. अप्पांना मी काही ठेवत नाही, आणि हे रागाने नाही. एकदा आमच्याच घरच्या दुधाची डिग्री कमी भरली म्हणून मी ते परत पाठवले होते. टंचाईत त्यांना दुधात घालायला पाणी कुठून मिळाले, याचे गावाला फार कौतुक वाटले. अप्पा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण मी आजारी पडल्यापासून ते माझ्या उशाशी बसतात आणि माझा श्वास नीट चालला आहे का बघतात. विहीर दिली तर मी जगेन असे त्यांना खरेच वाटते. अप्पा, तुम्ही माझ्या जिवासाठी जमीन द्यायला निघालात, हे मला कळते. पण तुमचा शब्द माझ्या जमिनीवर चालत नाही. तेवढे तुम्हीच माझ्या नावावर करून ठेवले आहे.

कलम आठ. अव्वा. माझी आई शांतादेवी हिला विहिरीजवळच्या दोन्ही खोल्या तिच्या हयातीपर्यंत राहायला मिळाव्यात, म्हणजे भांडण झाले तर तिला स्वतःचे दार असेल.

~~~ (वरील कलम आठ खोडले आहे. खोडले ते मीच. कारण खाली.)

वकीलबाईंच्या सांगण्यानुसार दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्ष देऊ नये. म्हणजे संस्थेच्या सगळ्या बायका बाद. एक साक्षीदार जनावरांचे डॉक्टर सुंदरराव आहेत. मी पूर्ण शुद्धीत आहे असा दाखला देताना ते म्हणाले, "माझे बाकीचे पेशंट एवढं बोलत नाहीत, पण तपासून सांगतो." दुसरा साक्षीदार मिळेना. चहावाले आश्रुबा पेन हातात घेऊन परत ठेवून म्हणाले, "बाई, सही केली असती, पर महाराज म्हनले जो सही करील त्याच्या घरातलं मानूस जाईल." बाकीच्यांनी पेन हातातही घेतले नाही.

आज दुपारी अव्वा संस्थेत आली. तिने कलम आठ वाचून दाखवायला लावले. मग म्हणाली, "खोल्या खोड. म्या साक्ष देती."

मी म्हणाले, "अव्वा, खोड म्हणू नको, तुला दुसरं काही न्हाई. अन् महाराजांनी काय सांगितलंय ते ऐकलंस ना? सही करणाऱ्याच्या घरातलं माणूस..."

"ऐकलंय. माझ्या घरातलं मानूस तूच हाईस. तुला सोमवारी मीच घिऊन जाणार हाय औरंगाबादला. आता भ्याचं कशाला राहिलं?"

अप्पा बाहेर उभे होते. ते दारातून म्हणाले, "शांता, आत काय करती?"

"साक्ष देती," अव्वा म्हणाली. "तुमी या आत, न्हाई तर दार लोटून घ्या. वारं येतंय, कागद उडतो."

अप्पा आत आले नाहीत. दारही लोटले नाही. वारा येत होता त्या बाजूला ते उंबऱ्यावर बसले.

खाडाखोड एकाच ठिकाणी आहे, ती माझ्या माहितीची व सहीची आहे. वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

सही: मनकर्णा धोंडप्पा निलंगे

साक्षीदार १. डॉ. सुंदरराव, पशुवैद्य, दिंद्रुड. मृत्युपत्र करणारी शुद्धीत असल्याची खात्री केली. सही.

साक्षीदार २. शांतादेवी धोंडप्पा निलंगे, राहणार आडगव्हाण. नाते: आई. डाव्या हाताचा अंगठा. या मृत्युपत्रातून यांना काहीही मिळालेले नाही.

ठिकाण: आडगव्हाण, दूध संकलन केंद्र
तारीख: २१ एप्रिल २०१६