बाबांनी न चाखलेलं मटण

प्रिय दादा,

हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू घाईत असतोस आणि मी दुसऱ्याच वाक्याला रडायला लागते. म्हणून पत्र. निवांत वाच. बाबांची तब्येत बरी आहे, हे आधीच सांगून टाकते.

गळ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना गिळता येत नाही, सगळं पोटातल्या नळीतून द्यावं लागतं, हे तुला ठाऊक आहेच. एक मात्र तुला सांगितलं नव्हतं. सुरुवातीला आई आणि मी स्वयंपाकघराचं दार लावून, खिडकी उघडी टाकून चोरासारख्या जेवायचो. त्यांना वास जाऊ नये म्हणून. एका रविवारी बाबा दार ढकलून आत आले, माझ्या हातातलं उलथनं काढून घेतलं आणि त्या घोगऱ्या आवाजात म्हणाले, "गिळणं बंद झालंय, नाक नाही. आज मटण मी करतो."

जन्मभर गॅरेजात इंजिनं उघडली, घरात कधी चहासुद्धा केला नाही, तो माणूस मटण करणार! व्हायचं तेच झालं. आई चावता चावता म्हणाली, "अहो, टायर शिजवलात काय?" बाबा पोट धरून हसले. आणि मग जे इरेला पेटले, ते आजतागायत.

दादा, ते कानानं रांधतात रे. आदल्या संध्याकाळी तुकड्यांना मीठ चोळून ठेवतात, आत मुरायला. सकाळी एकेक तुकडा फडक्यानं कोरडा टिपतात. ओला तुकडा भाजत नाही, नुसता उकडतो. पातेलं चांगलं तापलं की थोडेच तुकडे घालतात, कारण गर्दी झाली की पाणी सुटतं. मग डोळे मिटून वाकतात, बॉनेट उघडून इंजिन ऐकायचे ना, अगदी तसे. आधी चरचर मोठी असते, मग बारीक होते. आवाज बदलला की तुकडा आपणहून तळ सोडतो. त्याआधी ओढला तर फाटतो. मग कांदा, मिरी आणि तुकडे जेमतेम बुडतील एवढं गरम पाणी. आच इतकी मंद, की वर एखाददुसराच बुडबुडा यावा. घाई केली की मांस आखडतं, धीर धरला की सैल होतं. हाडापासून स्वतःहून सुटलं की झालं. उतरवल्यावरही लगेच हात लावू देत नाहीत. "दमलंय ते, जरा बसू दे," म्हणतात.

मिठासाठी मी. मी घास घेते आणि ते माझ्या भुवयांकडे बघतात. मी तोंड उघडायच्या आत चिमूट पडलेली असते! गेल्या रविवारी मी घास घेतला आणि खरं सांगते, अंगावर काटा आला. दात लावावेच लागले नाहीत. ज्याला त्यातला थेंबही घेता येत नाही, त्याच्या हातून हे झालं होतं. आई तर घास हातात धरून त्यांच्याकडे बघतच राहिली, लग्न ठरलं तेव्हा बघितलं असेल तशी. मग म्हणाली, "एवढी वर्षं मी उगाच राबले." आमची ताटं रिकामी होईपर्यंत बाबा समोर बसून होते. मी त्यांच्या चेहऱ्यावर हेवा शोधला. सापडला नाही.

परवा डॉक्टरीणबाईंनी तपासलं. गिळणं परत येतंय म्हणाल्या! पुढच्या आठवड्यात त्यांच्या देखरेखीखाली चमचाभर, अगदी मऊ घोटलेलं, तोंडानं देऊन बघायचं. आईला तिथेच रडू फुटलं. घरी आल्यावर मी विचारलं, "बाबा, पहिला घास कशाचा?" म्हणाले, "मटणाचा." "तुम्हीच करणार ना?" त्यांनी नकारार्थी मान हलवली. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझ्या हाताला काय येतं ते कळलं. थोरल्याच्या हातचं कधी खाल्लं नाही. विचार त्याला, जमेल का." मी काही विचारत नाही, दादा. वरचा मजकूर पुन्हा एकदा नीट वाच आणि निघ. कडक झालंच, तर घोटायला मी आहे.

तुझीच,
धाकटी