वाफेचं मशीन घरीच

आई,

आम्ही निघालो. तुम्हाला मुद्दाम उठवलं नाय, नायतर तुम्ही पिशवी परत भरली असती. तुमच्या भाकऱ्या नि सुकट ओट्यावर झाकून ठेवल्यात. थीम पार्कच्या गेटवर घरचं खाणं काढून घेतात, आणि सुकटीच्या वासाने तर आम्हालाच बाहेर काढतील. भाविकचा एक ड्रेस, टॉवेल नि पाण्याची बाटली, बस्स. त्याचं वाफेचं मशीनपण कपाटावर ठेवलं. डॉक्टर काल म्हणाले ना, छाती साफ आहे, आता पोराला खेळू द्या. वज्रेश्वरीच्या अंगाऱ्याची तुमची पुडी मात्र आत तशीच राहू दिली.

आठ महिन्यांनी मशीनशिवाय निघालो, तर पिशवी इतकी हलकी लागली, की काय विसरलं म्हणून मी दारातून दोनदा मागे फिरले.

विनिता