सायकलीपेक्षा महाग पेडलं

मी, हिल्के बोन्स्मा, वय सव्वीस, कायमचा पत्ता नाही, सध्या मुक्काम लेवार्डेनचं इस्पितळ, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. बिघाड हृदयाच्या झडपेत आहे. उद्या सकाळी डॉक्टर ती बदलणार आहेत. कुणाचा दबाव नाही. मित्र विबे फक्त शेजारी बसून माझी द्राक्षं खातोय.

१. घर नाही. तंबू आहे, तो गळतो. ज्याला हवा त्याने न्यावा.

२. सायकल. गावोगावी भंगारातली घेत आलो. काही चोरीला गेल्या, एक कालव्यात गेली (वर मीही होतो). आत्ताची बाहेर उभी आहे, राहू द्या.

३. पेडलं. ही मात्र पहिल्यापासून एकच जोडी. उतरलो की पान्याने काढून खिशात टाकतो, म्हणून टिकली. विबे म्हणतो, "अरे, तू पाव आणायला जातोस, शर्यतीला नाही! पाय ठेवायला फळी पुरते." पण शर्यतवाला पाऊस बघून घरी बसू शकतो, पाववाल्याला जावंच लागतं. एकदा समुद्राच्या बांधावर, समोरून वारा, आडवा पाऊस, मी पेडलांवर उभा राहिलो. बूट तसूभर सरकला नाही. बोटाएवढा दांडा, त्यावर अख्खा मी, आणि माझ्या अंगावर अख्खं आभाळ! तंबूत येऊन पेडल बोटाने फिरवलं. फिरतच राहिलं, आवाज नाही. ओल्या कपड्यांत बघत बसलो. कुणीतरी, मला न ओळखता, माझ्या पायासाठी हे इतकं नीट केलं होतं.

ती माझी बहीण सीत्स्के हिला. पावसात तिचा पाय गुळगुळीत पेडलावरून निसटला, ती पडली, तेव्हापासून बसने जाते. एकदा ही लावून बांधावर जावं. सक्ती नाही, विनंती आहे.

४. साक्षीदार. विबेला म्हटलं, सही कर.

"साक्षीदाराला यातून काही मिळत नाही ना?"

"नाही."

"मग दुसरा कुणी बघ."

"म्हणजे? तुला पेडलं हवीत?"

"गप रे. तू आंघोळीला गेलास की माझ्या सायकलला लावून बघायचो."

मग त्याने सीत्स्केचं कलम वाचलं. पेन मागितलं.

लेवार्डेन, बुधवार, १४ ऑक्टोबर २०२६

सही: हिल्के बोन्स्मा

साक्षीदार: आन्के व्हेनेमा, परिचारिका

साक्षीदार: विबे होखलांड. सही केली आहे, पण कागद माझ्याजवळ राहील आणि मी तो कुणालाही देणार नाही. हिल्केला हवा असेल तर त्याने स्वतः येऊन मागावा.